दोन फिकट शेड्समध्ये अडलात? मुंबईतल्या घरांच्या रंगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेड कार्डातले शेकडो रंग चाळून झाले की हातात दोनच उरतात, दोन्ही फिकट, आणि गाडी तिथेच अडते. रंगाच्या दुकानात काउंटरवर बसलं की दिवसभर हेच प्रश्न कानावर पडतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सोयीसाठी दोन शेड्स धरू. एक मोतिया, म्हणजे किंचित पिवळसर पांढरी. दुसरी राखी, म्हणजे करड्याकडे झुकलेली पांढरी. कंपनीगणिक नावं बदलतात, पण मुंबईच्या घरांत शेवटचा सामना बहुधा याच दोघींत रंगतो.

दोन्ही शेड्स सारख्याच तर दिसतात. मग एवढा खल कशाला?

सासूबाई कार्ड हातात घेऊन म्हणतात, "अगं, दोन्ही पांढरेच तर आहेत!" सून म्हणते, "आई, जरा दारात उजेडात धरून बघा." दोघींचंही खरं आहे. कार्डावरचा तुकडा बोटाएवढा असतो. तोच रंग चार भिंतींना लागतो तेव्हा एका भिंतीवरून परतलेला उजेड समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून पुन्हा पहिलीवर येतो, आणि दर फेरीला रंग थोडा दाटत जातो. कोपऱ्यात तर स्पष्ट दिसतं. त्यामुळे कार्डावर जवळपास पांढरी वाटणारी मोतिया दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये चक्क पिवळी दिसू शकते. राखी कार्डावर ऐटबाज वाटते, पण खालच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत प्लास्टर करून रंगवायची राहिलेली भिंत वाटते. खल करायचा तो यासाठी.

कार्डावर फरक कळत नाही. ओळखायचा कसा?

दोन्ही तुकडे कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. एकटा असताना पांढरा भासणारा रंग खऱ्या पांढऱ्याशेजारी बसला की त्याचं पोटातलं बाहेर येतं. कोणी पिवळा निघतो, कोणी गुलाबी, कोणी हिरवट. झेरॉक्सचा कागद स्वतःच जरासा निळसर असतो, तेवढं लक्षात ठेवा. दुसरी युक्ती म्हणजे कार्डाच्या त्याच पट्टीतली सगळ्यात गडद शेड बघणं. पट्टी सहसा एकाच कुळातली असते. खालची शेड मातकट असेल तर वरच्या फिकट शेडमध्येही माती आहे. खालची जांभळट असेल, तर तुमची 'लाइट ग्रे' ट्यूबखाली जांभळट मारणार हे धरून चाला.

शेजारचा रंग डोळ्याला फसवतो, ही तक्रार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात गालिचे आणि पडदे विणले जात. तिथल्या काळ्या धाग्याला जोर नाही अशी ओरड झाली. रंगाई विभागाचा प्रमुख शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने तपासलं तर धाग्याचा काळा उत्तमच होता, शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो फिका पडत होता. तुमच्या भिंतीचंही हेच होतं, फक्त शेजारी धागा नसून लादी, सोफा आणि पडदा असतो.

एकच गोष्ट बघून ठरवायचं असेल तर कोणती बघू?

तुम्ही घरी असता तेव्हा खोलीत कोणता उजेड असतो, ते बघा. या पानावरचं बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल.

मुंबईतला नोकरदार माणूस सकाळी आठची लोकल पकडतो आणि रात्री आठला घरी येतो. आठवड्याचे पाच-सहा दिवस तो आपली भिंत बघतो ती ट्यूबखाली किंवा एलईडीखाली. आणि रंग मात्र निवडतो रविवारी सकाळी, भर उन्हात, दुकानाच्या दारात उभा राहून. ज्या उजेडात राहायचं त्यात बघायचंच नाही, हा उलटा कारभार झाला.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत 'कूल डेलाइट' ट्यूब किंवा एलईडी पट्टी असते. तिच्या खोक्यावर ६५०० के असं लिहिलेलं असतं. के म्हणजे केल्विन, उजेडाचा रंग मोजायचं माप; आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. हा उजेड निळसर असतो. त्याखाली राखी आणखी थंड होते, कधी निळी मारते, आणि खोलीला दवाखान्याची कळा येते. मोतिया या उजेडात बरीच पांढरी होते आणि बहुतेक वेळा छान दिसते. पण तिच्यात पिवळा जास्त असेल तर ती लिंबाच्या सालीसारखी हिरवट होण्याचा धोका आहे. याउलट घरात २७०० किंवा ३००० के चे पिवळे दिवे असतील, फॉल्स सीलिंगमधले छोटे गोल दिवे असतात तसे, तर मोतियावर पिवळ्यात पिवळा चढतो आणि खोली तुपट दिसते. तिथे राखी खुलते, ऊबदार होते. मधला ४००० के चा दिवा दोघींनाही बरा.

दिवे बदलायचा विचार असेल तर आधी दिवे बदला, मग रंग निवडा. भिंतीपेक्षा दिवा स्वस्त. हॉलमध्ये आता एक ट्यूब आहे आणि दिवाळीला पिवळे दिवे लावायचे ठरलंय, तर आत्ताच्या ट्यूबखाली केलेली निवड फुकट. दिवा घेताना खोक्यावरचा सीआरआयचा आकडाही बघा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, ते तो सांगतो. तो ९० च्या आसपास असेल तर रंग खऱ्यासारखे दिसतात. ज्या दिव्यांवर हा आकडाच नसतो, अशा अगदी स्वस्त दिव्यांखाली गुलाबी आणि अबोलीकडच्या शेड्स बऱ्याचदा मेल्यासारख्या दिसतात.

माझी खिडकी उत्तरेला आहे. उत्तरेकडच्या खोलीला ऊबदार रंगच द्यायचा असतो ना?

हा नियम थंड देशांतून आलाय. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. मधल्या दिवसांत तो थोडा उत्तरेकडेच असतो, म्हणजे उत्तरेच्या खिडकीतही थोडं ऊन येतं. अर्थात त्यातले बरेच दिवस पावसाळ्याचे असतात, ढग असतात, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. डिसेंबरात दक्षिणेकडची खिडकी ऊन खोलीत खोल आणते. पूर्वेची सकाळी पिवळं ऊन देते, पश्चिमेची संध्याकाळी केशरी. पश्चिमेच्या हॉलमध्ये मोतिया संध्याकाळी पाचनंतर एकदम पेटते. काहींना तेच हवं असतं.

पण खरं सांगायचं तर मुंबईत दिशेपेक्षा समोर काय आहे ते जास्त महत्त्वाचं. दहाव्या मजल्याच्या वर आकाश दिसतं, तिथे दिशेचा हिशेब लागू पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर तुमच्या खोलीत येणारा उजेड हा समोरच्या इमारतीवरून आपटून आलेला असतो, आणि तो तिथला रंग घेऊन येतो. समोर विटकरी भिंत असेल तर तुमची राखी गुलाबीकडे झुकेल. खिडकीबाहेर आंबा किंवा बदामाचं झाड असेल तर दोन्ही शेड्स हिरवट होतील, मोतिया जरा जास्तच.

पुनर्विकासाच्या कामांनी यात नवी भर घातली आहे. समोरच्या इमारतीला हिरवी जाळी लावली की चार-सहा घरांच्या भिंतींचा रंग बदलतो. पावसाळ्यात तर खिडकीवर निळी ताडपत्री येते. माहीमच्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात हे अगदी ठळक दिसतं. खिडकीच्या ग्रिलवर निळं प्लास्टिक तिरकं बांधलेलं, त्यातून गाळून आलेला उजेड समोरच्या राखी भिंतीवर पडतो आणि भिंतीचा वरचा अर्धा भाग शाळेच्या गणवेशासारखा निळा होतो. दिवाळीआधी प्लास्टिक उतरलं की तीच भिंत पुन्हा मवाळ राखी. अशा घरात मोतिया घेतली असती तर निळ्यात पिवळा मिसळून भिंत शेवाळी दिसली असती, म्हणजे तिथे राखीच बरी. तुमच्याकडे जाळी किंवा ताडपत्री किती महिने राहणार आहे, ते आधी विचारा. जाळी वर्षभरात निघणार असेल तर तिच्यासाठी रंग निवडू नका.

काचांकडेही बघा. हिरव्या किंवा तपकिरी काचेच्या स्लायडिंग खिडक्या असतील, किंवा काचेला उन्हाची फिल्म चिकटवलेली असेल, तर खिडकी उघडी ठेवून एकदा आणि बंद करून एकदा शेड बघायला हवी. एसीच्या बेडरूममध्ये खिडकी बंदच असते, तिथे बंद काचेचा निकाल अंतिम.

लादीचा आणि भिंतीचा काय संबंध?

मोठा. लादी बदलत नाही, रंग बदलतो. म्हणून रंगानेच लादीचं ऐकायचं.

जुन्या इमारतींत मोझॅक असतं. त्यात पिवळे, तपकिरी, हिरवे खडे असतात, आणि पाय लागून लागून त्याला एक पिवळट झाक आलेली असते. त्यावर राखी भिंत उभी केली की लादी मळकी वाटते. मोतिया लावली तर लादी आणि भिंत एका घरातल्या वाटतात. बिल्डरने दिलेल्या आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्सचंही तेच, कारण त्या मुळात क्रीम कुळातल्या. करड्या टाइल्स, कोटा किंवा राखाडी ग्रॅनाईट असेल तर राखी जुळते. पांढऱ्या संगमरवरासारख्या टाइल्समध्ये शिरा कोणत्या रंगाच्या आहेत ते बघा. करड्या असतील तर राखी, सोनेरी असतील तर मोतिया.

मोठं लाकडी कपाट, सागवानी दिवाण किंवा सनमायकाचा वॉर्डरोब यांचंही मत विचारा. गडद लाकडाशेजारी दोन्ही शेड्स चालतात. पिवळट लाकडी सनमायकाशेजारी मोतिया मात्र चिकटून जाते, कपाट आणि भिंत वेगळी दिसत नाही.

सॅम्पल भिंतीवर लावायचं की कागदावर?

जाड कार्डशीटवर. दुकानातून दोन्ही शेड्सचे सगळ्यात छोटे डबे बनवून घ्या. प्रत्येक शेडला एक मोठी कार्डशीट घ्या, तिला कडेपर्यंत दोन हात मारा आणि रात्रभर वाळू द्या. इमल्शन, म्हणजे पाण्यात पातळ होणारा भिंतीचा रंग, ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर थोडं दाटतं, त्यामुळे ओल्यावर निकाल देऊ नका. मग ही शीट खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या भिंतीवर आणि कोपऱ्यात चिकटपट्टीने लावून बघत जा. खिडकी ज्या भिंतीत आहे तिच्यावर थेट उजेड पडत नाही, म्हणून तिथे रंग नेहमी गडद दिसतो. दोन-तीन दिवस घरात येता-जाता नजर पडू दे. सकाळ, दुपार आणि रात्री ट्यूब लावल्यावर बघा. एखादा ढगाळ दिवस मिळाला तर फारच उत्तम.

पेंटर म्हणेल, "ताई, भिंतीवरच दोन पट्टे मारतो की." जुन्या भिंतीवर मारू देऊ नका. खाली जुना पिस्ता किंवा गुलाबी रंग असला तर तो डोकावतो, आणि बाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो. लांबी (पुट्टी) भरून, घासून, प्रायमर मारलेली भिंत तयार असेल तर खुशाल मारा.

दोन्ही शीट सतत शेजारी-शेजारी ठेवू नका. शेजारी ठेवल्या की डोळा त्यांची एकमेकींशी तुलना करतो आणि खोली विसरतो. मोतियाशेजारी राखी निळी दिसते, राखीशेजारी मोतिया पिवळीधमक. एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरी. ज्या शीटकडे तुमचं लक्षच गेलं नाही, ती बहुधा तुमची शेड.

मोबाइलवर फोटो काढून घरच्यांना पाठवला तर चालेल का?

सोफा कुठे ठेवायचा हे विचारायला चालेल. रंगासाठी नाही. मोबाइलचा कॅमेरा पांढरं 'सुधारून' घेतो. पिवळट भिंत तो पांढरी करतो आणि निळसर भिंत ऊबदार, म्हणजे नेमका जो फरक तुम्हाला बघायचाय तोच पुसून टाकतो. वर समोरच्याच्या स्क्रीनचा रंग वेगळा. कंपन्यांच्या ॲपमध्ये भिंत रंगवून दाखवतात, तेही गडद-फिकट एवढाच अंदाज घ्यायला ठीक. पुण्याला राहणाऱ्या आत्याचं मत हवंच असेल तर कार्ड कुरियर करा.

जास्त मळखाऊ कोणता?

कोणता मळ, त्यावर आहे. मोतियावर हाताचे डाग, हळदीचे बारीक शिंतोडे आणि देव्हाऱ्याजवळची उदबत्तीची पिवळी झाक लपते. राखीवर रस्त्याची धूळ, पंख्याभोवतीचा काळपट थर आणि मागे सरकवलेल्या खुर्चीचे ओरखडे लपतात. मेट्रोच्या किंवा बांधकामाच्या कामाशेजारी राहत असाल तर राखीला एक गुण जास्त.

पण डाग लपण्यापेक्षा पुसला जाणं महत्त्वाचं, आणि ते शेडवर नाही, रंगाच्या प्रतीवर अवलंबून आहे. डिस्टेंपर ओल्या फडक्याने जोरात पुसलं की रंगच हातात येतो. चांगल्या प्रतीचं इमल्शन पुसता येतं. शाळकरी मुलं असलेल्या घरात शेडवर भांडण्यात घालवलेला वेळ प्रत ठरवण्यात घालवावा, असं आमचं मत.

किचनला यांतली कोणती?

आठवड्यातून दोनदा बांगडे किंवा सुरमई तळली जात असेल आणि चिमणी नसेल, तर मोतिया. तेलाची वाफ पिवळी बसते, ती राखीवर उठून दिसते.

खोली कोणत्या रंगाने मोठी वाटेल?

जी जास्त उजेड परतवते तिने. यासाठी एलआरव्ही नावाचा आकडा असतो, शून्य म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. काही कंपन्या तो शेडसोबत देतात. ८० च्या वर असेल तर ती शेड खूप उजळ. ७० च्या खाली आली की फिकट असूनही ती खोलीतला उजेड खाते. खिडकी समोरच्या इमारतीने झाकलेली असेल तर दोन शेड्समधली वरच्या आकड्याची घ्या. राखी आणि मोतिया या दोघींतही हा फरक असू शकतो, आणि तो नेहमी मोतियाच्या बाजूनेच असेल असं नाही.

एक मात्र आहे. अंधाऱ्या खोलीत पांढराफटक रंग लावला म्हणून खोली उजळत नाही. परतवायला उजेडच नसेल तर पांढरा करडा दिसतो. अशा चाळीतल्या किंवा तळमजल्यावरच्या खोलीत किंचित पिवळी मोतिया जास्त जिवंत वाटते.

सीलिंगला नेहमीचा पांढरा द्यावा का?

पेंटर विचारतसुद्धा नाहीत, सरळ पांढरा मारतात. भिंत राखी असेल तर तो शोभतो. मोतिया असेल तर स्वच्छ पांढऱ्या सीलिंगमुळे भिंत आहे त्याहून पिवळी दिसते, आणि मग लोक दुकानात येऊन म्हणतात की शेड चुकीची दिली. उपाय सोपा: सीलिंगलाही तीच मोतिया, किंवा तिचीच अर्ध्या टिंटची, म्हणजे रंगाचे थेंब निम्मे घातलेली शेड बनवून घ्या. माळा किंवा बीम खाली आलेला असेल तर तोही भिंतीच्याच रंगात घ्या. वेगळा रंग दिला की तो डोक्यावर आल्यासारखा वाटतो.

दरवाज्याच्या चौकटी जुन्याच ठेवायच्या आहेत. काही अडेल?

चौकटींना पूर्वी पांढरा ऑइल पेंट लावलेला असेल तर तो आता पिवळा पडलेला असणार. ऑइल पेंट उजेड कमी मिळाला की पिवळा पडतो, म्हणून कपाटामागची आणि पॅसेजमधली चौकट सगळ्यात पिवळी. तिच्याशेजारी राखी लावली की चौकट कळकट दिसते आणि तुम्हाला चौकटीही रंगवाव्या लागतात. मोतियात ती खपून जाते. बजेट आवळून काम करत असाल तर ही एक गोष्ट निवड ठरवायला पुरेशी आहे.

मॅट घेऊ की चकाकी असलेला?

शेडचा तोच कोड मॅटमध्ये आणि सॅटिनमध्ये, म्हणजे हलक्या चकाकीत, सारखा दिसत नाही. मॅट उजेड पसरवतो, त्यामुळे थोडा फिकट आणि मऊ भासतो. चकाकीत खिडकीचा आणि ट्यूबचा पट्टा भिंतीवर उमटतो, आणि लांबीचं काम कुठे खालीवर झालंय ते सगळ्या जगाला दिसतं. जुन्या इमारतीतल्या ओबडधोबड भिंतींना मॅट. सॅम्पलही त्याच फिनिशमध्ये घ्या.

गणपतीआधी रंग उरकायचा आहे. पावसाळ्यात काढलं काम तर?

सगळे यासाठीच घाई करतात, आणि सगळ्यात जास्त तक्रारी याच कामांच्या येतात. भाद्रपदात मुंबईत पाऊस संपलेला नसतो. हवेत ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असताना रंग नीट वाळत नाही. एका हातानंतर दुसऱ्याला जिथे चार-सहा तास पुरतात, तिथे आख्खा दिवस द्यावा लागतो. पेंटर तेवढा थांबत नाही, त्याला पुढचं काम असतं.

भिंतीत ओल असेल तर शेडचा विचारच बाजूला ठेवा. लोणा लागलेल्या भिंतीवर कोणताही रंग पोपडे काढणार. घरच्या घरी तपासायचं तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर भिंत ओली आहे. वरच्या मजल्याच्या बाथरूमची गळती, बाहेरच्या भिंतीची भेग, गच्चीचं पाणी, जे असेल ते आधी सोसायटीच्या कमिटीकडून सोडवून घ्या. तो एक वेगळाच अध्याय आहे, आणि तो रंगाच्या दुकानात सुटत नाही.

नवीन सिमेंट प्लास्टर केलं असेल तर किमान २८ दिवस सुकू द्या.

थांबता येत असेल तर दसऱ्यानंतर काम काढा. ऑक्टोबरचं ऊन रंगाला मानवतं. थांबता येत नसेल, तर गणपती बसतात ती एक भिंत करून घ्या, तीही कोरडी असेल तरच.

दोन्ही आवडल्यात. दोन्ही वापरल्या तर?

वेगवेगळ्या खोल्यांत वापरा. एकाच खोलीत दोन भिंती मोतिया आणि दोन राखी असं करू नका. फरक इतका कमी असतो की तो ठरवून केलेला वाटत नाही, डबा संपला म्हणून दुसरा आणल्यासारखा दिसतो. एका भिंतीला वेगळा रंग हवाच असेल तर तो धडधडीत वेगळा घ्या.

शेड एका कंपनीची आवडली, पण रंग दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा आहे. मशीनवर तोच बनेल ना?

जवळपास बनेल. प्रत्येक कंपनीचा बेस आणि टिंट वेगळे, त्यामुळे दुपारच्या उन्हात जुळलेली शेड रात्री ट्यूबखाली फारकत घेऊ शकते. गडद रंगात हे खपतं. फिकट शेड म्हणजे पांढऱ्या बेसमध्ये मोजके थेंब, तिथे एखादा थेंब कमी-जास्त झाला तरी डोळ्याला कळतं. छोट्या डब्यात तर जास्तच. म्हणून ज्या कंपनीचा रंग लावणार, तिच्याच कार्डातली शेड निवडा. नाहीतर बनवून आणलेल्या डब्याचं सॅम्पल पुन्हा कार्डशीटवर लावून ट्यूबखाली बघा.

भाड्याच्या घराला कोणता?

मोतिया. पुढच्या भाडेकरूचे दिवे, पडदे, सोफा काय असतील कोण जाणे.

घरात एकमत होत नाही. तुमचं मत काय?

बाबांना मोतिया हवी कारण "घर कसं प्रसन्न वाटलं पाहिजे". मुलीला राखी हवी कारण मैत्रिणीच्या घरी आहे. असा वाद आला की आम्ही एवढंच विचारतो: लादी कोणती, दिवे कोणते, समोर काय आहे? या तीनपैकी दोन उत्तरं एकीकडे झुकली की ती शेड घ्या, मत कोणाचंही असो. तिन्ही उत्तरं देऊनही तिढा सुटला नाही, तर ती खोली जो जास्त वापरतो त्याचं ऐका. बेडरूम बाबांची असेल तर मुलीने हट्ट सोडावा. हॉल सगळ्यांचा, तिथे आम्ही पडत नाही.

रंग किती लागेल?

दहा बाय बाराच्या खोलीचा घेर ४४ फूट. उंची साडेनऊ फूट धरली तर भिंती ४१८ चौरस फूट. दरवाजा आणि खिडकी वजा केली की साधारण ३७५ उरतात. डब्यावर दोन हातांचा पल्ला लिहिलेला असतो. समजा तो लिटरला १०० चौरस फूट असेल, तर चार लिटरचा डबा पुरतो. तो आकडा गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीसाठी असतो, हे विसरू नका. जुना गडद रंग झाकायचा असेल तर तिसरा हात धरा, नाहीतर मोतियाच्या आडून जुना निळा डोकावेल.

एका खोलीचा सगळा रंग एकदम बनवून घ्या आणि डबे जास्त असतील तर एका बादलीत एकत्र करून मग वापरायला सांगा. वेगळ्या दिवशी बनवलेल्या डब्यांत फिकट शेड हमखास थोडी सरकते, आणि ती सरकली की भिंतीच्या मधोमध पट्टा दिसतो.

लावल्यावर शेड वेगळीच दिसतेय. परत करता येईल का?

मशीनवर बनवलेला रंग दुकान परत घेत नाही. पण लगेच घाबरू नका. आधी डब्याच्या झाकणावरच्या स्टिकरवरचा कोड तुमच्या कार्डाशी ताडून बघा. तो जुळत असेल तर दोन्ही हात पूर्ण होऊन, वाळून, खोलीत सामान परत येईपर्यंत थांबा. रिकाम्या खोलीत, उघड्या बल्बखाली, खाली वर्तमानपत्रं पसरलेली असताना कोणतीच शेड बरी दिसत नाही. पडदे लागले, दिवे जागेवर आले आणि तरीही खटकत असेल, तर आधी दिवा बदलून बघा. ६५०० च्या जागी ४००० के चा लावला की बऱ्याच घरांतली तक्रार तिथेच मिटते.

उरलेल्या रंगाचं काय करू?

काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावा. हवा जितकी कमी तितका रंग टिकतो. बरणीवर खोलीचं नाव, शेडचा कोड, फिनिश आणि तारीख लिहा, आणि झाकणावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. इथे मात्र फोटो उपयोगी आहे. खिळा काढल्यावर पडलेलं भोक किंवा सोफ्याचा ओरखडा बुजवायला एवढा रंग पुरतो. टचअप करताना ब्रश पसरून मारू नका, स्पंजच्या कोपऱ्याने टिपा. भिंत रंगवून दोन वर्षं झाली असतील तर तेवढा ठिपका नवा दिसणारच, तेव्हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एकच भिंत पुन्हा मारून घ्या. बरणी उघडल्यावर आंबट वास आला तर रंग कुजलाय, तो वापरू नका आणि मोरीतही ओतू नका. वर्तमानपत्राच्या बोळ्यांत किंवा वाळूत शोषून, वाळवून, घरातल्या घातक कचऱ्यासोबत वेगळा द्या.